बरीच वर्षं उभी असलेली येझदी रोडकिंग बाइक घरीच रिस्टोर आणि कस्टमाइज करता येईल का?

येईल की, पण आधी रंगाचा नाद सोडा. टाकी उतरवून आतला गंज काढा, कार्बोरेटर खोलून जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) साफ करा, इग्निशनचे पॉइंट (स्पार्क पाडणारे संपर्क) घासा, मग स्पार्क बघा. इंजिन टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्येच मिसळायचं टू-टी ऑइल नसेल तर पिस्टन जाम होणार. उभ्या गाडीचे क्रँकचे ऑइल सील बहुतेक कडक झालेले असतात, मग हवा ओढून रेस आपोआप चढते नाहीतर गिअरबॉक्सचं ऑइल ओढून पांढरा धूर, ते सील बदलायचं काम मात्र येझदीवर हात बसलेल्या मिस्त्रीलाच द्या. कस्टमाइज म्हणाल तर सीट वगैरे ठीक, चेसिस कापायचं डोक्यातून काढा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, रंग बदलला तरी आरसीवर नोंद लागते. ते दोन सायलेन्सर तेवढे ठेवा राव! आणि १५ वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन रिन्यू केलंय का तेही बघा.