घरात १०० वॅटचं हेड कशाला?

मित्रा, मालवणात घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवायला १०० वॅटचं हेड, म्हणजे स्पीकर वेगळा जोडावा लागणारा अँप, घेऊ नकोस. वॅट दहापट म्हणून आवाज दहापट होत नाही. १० वॅटपेक्षा तो १० डेसिबलने जास्त, म्हणजे कानाला जेमतेम दुप्पट. ५ वॅटचा ट्यूब अँपसुद्धा (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) बऱ्या स्पीकरवर अख्खं खळं दणाणून सोडतो. शिवाय खरी गोडी पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकरला जोर देणाऱ्या ट्यूब, आवाज वाढवून ताणल्यावर येते. हेडवर तिथवर पोचेपर्यंत अर्धी वाडी दारात उभी!

ड्रमसोबत न फाटणारा क्लीन आवाज हवा असेल तर मात्र १५-२० वॅट बघ. गणपतीतल्या कार्यक्रमात पुढे माइक लावला की झालं.

आपल्याकडची डोकेदुखी वेगळीच, खारा वारा. ट्यूबच्या पिना काळवंडतात आणि खरखर सुरू होते. प्लग काढ, अँप पूर्ण गार होऊ दे, ट्यूब हलवत सरळ ओढून काढ, पिनांना कॉन्टॅक्ट क्लीनर लाव, सुकल्यावर बसव. चॅसिसच्या, म्हणजे अँपच्या धातूच्या पेटीच्या, आत हात घालू नकोस, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरलेले असू शकतात. आणि स्पीकर जोडल्याशिवाय अँप चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. पावसाळ्यातल्या वरखाली होणाऱ्या व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझरचे पैसे आत्ताच बाजूला काढ.