मित्रांच्या पंडिती कोट्या ग्रुपवर डोक्यावरून जातात. त्या ओळखायच्या कशा आणि स्वतः करायच्या कशा?

प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: नाशिकच्या कॉलेजमित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यात तिघंजण संस्कृत, पुरातत्त्व आणि भाषाशास्त्रवाले. ते दोन शब्द टाकतात, एकमेकांनाच हसतात, बाकीचे बघत बसतात. तुम्हाला त्यात उतरायचंय, पण शहाणपणा मिरवतोय असं वाटायला नकोय.

आधी एक कसोटी सांगतो. कोटीचा आतला अर्थ झाकून ठेवा. जे उरतं ते त्या वेळी, त्या गप्पांत चालणारं साधं वाक्य आहे का? असेल तर कोटी जमली. ज्याला कळली तो हसतो, ज्याला नाही कळली त्याचं काही अडत नाही. नुसता अवघड शब्द फेकून 'ओळखा पाहू' करणं ही कोटी नव्हे, तोंडी परीक्षा झाली.

नाशिककरांना तर तयार माल फुकट मिळालेला आहे. "साडेसहाला गंगेवर भेटू" हे वाक्य घ्या. नदी गोदावरी, पण आपण म्हणतो गंगा. आणि भेटायचं पाण्यावर नाही, काठावर. संस्कृत काव्यशास्त्रात लक्षणा शिकवताना नेमकं हेच उदाहरण देतात: 'गङ्गायां घोषः', म्हणजे गंगेत गवळीवाडा. वाहत्या पाण्यात वाडा असू शकत नाही, म्हणून मूळ अर्थ अडतो; ही लक्षणेची पहिली अट. काठाचा पाण्याशी संबंध आहे, ही दुसरी, म्हणून 'गंगेच्या काठी' असा अर्थ घ्यायचा. तेव्हा "गंगेवर ये" या मेसेजला कोणी "गाई घेऊन येऊ का?" असं उत्तर दिलं, तर तो वेडा झालेला नाही, गवळीवाड्याची आठवण देतोय. तुम्हाला त्याच्यावर कडी करायची असेल तर लक्षणेची तिसरी अट वापरा: रूढी किंवा प्रयोजन. संस्कृत उदाहरणात प्रयोजन आहे, वाडा किती गार आणि पवित्र हे सुचवायचंय. आपल्या 'गंगेवर'मध्ये तसलं काही नाही, ती नुसती बोलायची रीत. "आमची रूढीची आहे, गाई नकोत" एवढं लिहिलंत की पुरे.

आता कारागिरी. शाळेत श्लेषाचे दोन प्रकार शिकवतात. अभंग म्हणजे शब्द न तोडता दोन अर्थ, उदाहरणार्थ 'मित्र': सखा आणि सूर्य. सभंग म्हणजे तोडला की दुसरा अर्थ, जसं व्याकरणाच्या पुस्तकातलं 'औषध नलगे मजला': 'न लगे' आणि 'नल गे'. पण मोबाइलवर या विभागणीने भागत नाही. इथे खरा प्रश्न असतो, की कोटी टाइप करायची की व्हॉइस मेसेजमध्ये बोलायची. बहुतेक कोट्या मरतात त्या चुकीच्या वाटेने पाठवल्यामुळे.

सभंग कोटी टाइप करायची तर स्पेस देऊ नका. कीबोर्डच्या सूचनेवर बोट पडलं की तो स्वतःच शब्द तोडून ठेवतो आणि एक अर्थ जागीच संपतो. पाठवण्याआधी एकदा डोळ्याखालून घाला.

काही कोट्या फक्त लिहूनच चालतात. पन्नाशीला आलेल्या मित्राला वाढदिवसाला "जरा थांब" पाठवा. 'जरा' म्हणजे थोडंसं, तसंच 'जरा' म्हणजे म्हातारपण. लिहिताना दोन्ही सारखेच, पण बोलताना पहिल्यातला ज दंततालव्य, 'जहाज'मधल्यासारखा, आणि दुसऱ्यातला तालव्य, 'जीव'मधल्यासारखा. तोंडाने म्हटलंत की एक बाजू निवडावीच लागते आणि गंमत गेली.

याच्या उलट काही फक्त ऐकायच्या. मनू नावाचा मित्र भेटायला येत नसेल तर "यंदा मनुका नाही?" हे व्हॉइस मेसेजमध्ये छान बसतं, त्यात द्राक्षांचा हंगाम असेल तर आणखीच. हेच लिहायला गेलात तर मनुकेतला नु ऱ्हस्व आणि मनूतला नू दीर्घ. भाषाशास्त्रवाला तिथेच पकडेल, आणि बरोबरच पकडेल. दिन-दीन, सुत-सूत, मिलन-मीलन, पाणि-पाणी या जोड्या म्हणूनच वेगळ्या कामाच्या: त्यांत मुद्दाम केलेली शुद्धलेखनाची चूक हीच कोटी असते. लग्नपत्रिकेत 'पाणीग्रहण' छापून आलं तर तो टँकरचा कार्यक्रम, इतकं तुमच्या ग्रुपला नक्की कळेल. अट एवढीच, की तुमचं बाकीचं लेखन स्वच्छ हवं. एरवीच दहा चुका असतील तर अकरावी मुद्दाम केली हे कोणाला कळणार?

सर्वांत जास्त गडबड होते ती र्य आणि ऱ्य यांत. 'आचार्यांना आधी वाढा' आणि 'आचाऱ्यांना आधी वाढा' ही लग्नाच्या लॉन्सवर उत्तम चालणारी जोडी: एकात गुरुजी, दुसऱ्यात स्वयंपाकी. पण ऱ्य उमटवायला र नाही, खाली टिंब असलेला ऱ लागतो: ऱ, मग हलन्त, मग य. साधा र वापरला की रफार डोक्यावर चढतो आणि आचाऱ्याचा आचार्य होतो. बहुतेक मराठी कीबोर्डवर र दाबून धरला की ऱ मिळतो.

शब्दखेळ झाले. ऐतिहासिक कोट्यांत मात्र शब्दापेक्षा प्रसंग चपखल बसावा लागतो, आणि माझ्या मते यांचा दर्जा वरचा. नमुना: कोणी दुसऱ्याचा फॉरवर्ड आलेला मजकूर स्वतःचं नाव टाकून पाठवला की लिहायचं, "जोगलथेंबी!" नाशिकजवळच्या या गावात १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाच्या १३,००० हून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या निम्म्याहून कितीतरी अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप वरून मारलेला आहे, आणि खालचा नहपान तरीही डोकावतो. चोरलेल्या मेसेजमध्येही मूळ लेखकाचा एखादा लकबीचा शब्द राहूनच जातो. तो शब्द उद्धृत करून वर "जोगलथेंबी" लिहिलंत तर पुरावाही सादर होतो.

त्याच राजाचं बिरुद पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात आहे, त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने कोरवलेल्या लेखात: 'तिसमुदतोयपीतवाहन'. तीन समुद्रांचं पाणी ज्याच्या वाहनांनी प्यालं आहे तो. यावर बिरुदं पाडायची पद्धत सोपी आहे. साचा तोच ठेवायचा, मधले दोन शब्द बदलायचे. दर वीकेंडला गाडी काढून भटकणारा मित्र झाला 'त्रिपंपपेट्रोलपीतवाहन'. एक पथ्य मात्र पाळा: हा बहुव्रीही समास आहे, म्हणून बिरुद गाडीच्या मालकाला लागतं, गाडीला नाही. "माझी नवी त्रिपंपपेट्रोलपीतवाहन" असं कोणी लिहिलं की संस्कृतवाल्याचा दिवस सार्थकी लागतो.

देवळालीची कोटी परदेशी मित्रांतही चालते. नोकरीची मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत खितपत पडायचे. त्या कंटाळ्यातून इंग्रजीत 'डूलॅली टॅप' हा शब्दप्रयोग आला: डूलॅली म्हणजे देवळाली, टॅप म्हणजे आपला ताप, आणि मिळून अर्थ डोकं फिरणं. निकाल, व्हिसा, बिल्डरचा ताबा, काहीही महिनोन्‌महिने लटकलं असेल तर "मी देवळालीला पोचलोय" एवढंच लिहायचं. वरवर पाहता माणूस देवळालीत आहे, कसोटीला पूर्ण उतरलं. खरोखर मानसिक त्रासात असलेल्या कोणावर मात्र हे वापरू नका.

रंगपंचमीला, रहाडी (नाशिकचे रंगाचे जुने हौद) उघडल्या की, "मोदकैः!" असा मेसेज येईल. कथासरित्सागरात सातवाहन राजा राणीवर पाणी उडवतो, तेव्हा ती म्हणते 'मोदकैः', म्हणजे मा उदकैः, पाण्याने मारू नका. राजा मोदक मागवतो. आ आणि उ मिळून ओ होतो म्हणून हे जुळतं. उत्साहाच्या भरात कोणी "मा रंगैः" करतं, पण तिथे संधीच होत नाही, मग कोटी कुठून होणार.

न कळलेल्या कोटीचं काय करायचं? ग्रुपमध्ये एक नियम ठरवून घ्या: कोणीही "विग्रह?" (म्हणजे शब्दाची फोड) एवढंच विचारावं, आणि कोटी करणाऱ्याने एका ओळीत फोड द्यावी. दुसरी ओळ लागली तर कोटी बाद. (विग्रह म्हणजे भांडणही, त्यामुळे विचारणाऱ्यालाही फुकटात एक कोटी मिळते.) फोड न मागता देऊ नये, आणि एकच कोटी त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा नको. नाशिकच्या मंडळींना काव्यशास्त्रातले दोन शब्द शेरा मारायला सोयीचे पडतील: तोंडात टाकताच रस सुटतो तो द्राक्षापाक, करवंटी फोडावी लागते तो नारिकेलपाक. टीकाकार मल्लिनाथाने भारवी या संस्कृत कवीच्या बोलण्याला नारळाची उपमा दिली ती कौतुकाने, पण भारवीच्या नारळात आत खोबरं होतं. ग्रुपवर द्राक्षं जास्त ठेवा.

आणि वाद हाताबाहेर चालला, बिल कोणी भरायचं यावर ताणाताणी झाली, तर "अ अ" पाठवा. वरून ती चाचपडत केलेली टाळाटाळ दिसते. आतून ते पाणिनीच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथाचं शेवटचं सूत्र आहे, ८.४.६८: ग्रंथभर सोयीसाठी विवृत (उघड्या तोंडाचा) मानलेला अ इथे पुन्हा संवृत (मिटत्या तोंडाचा) करून टाकलाय. त्यापुढे सूत्र नाही, त्यामुळे संस्कृतवाल्याला गप्प बसावं लागतं. बिल मात्र इतर कोणी भरेल याची खात्री नाही.