वाचकांचे प्रश्न : ‘इथं’ म्हणजे कुठं?

शाळकरी मुलांच्या मनःस्वास्थ्याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांची आणि शाळांची ओळख पटेल असा सगळा तपशील वगळला आहे. पहिल्या पत्राला अंक निघेपर्यंत थांबणे शक्यच नव्हते, म्हणून त्या शिक्षिकांशी मी पत्र मिळाले त्याच दिवशी फोनवर बोलले. तेव्हा जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहीत आहे, कारण असा प्रसंग कोणत्याही वर्गशिक्षकावर येऊ शकतो.

प्रश्न : मी कोल्हापूर शहरातल्या एका माध्यमिक शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात ६२ मुले आहेत. त्यांतला एक चौदा वर्षांचा मुलगा गगनबावडा तालुक्यातल्या वाडीवरून आला असून शिक्षणासाठी आत्याकडे राहतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो फार बदलला आहे. डबा तसाच परत नेतो, खेळाच्या तासाला कडेला बसून राहतो आणि शेवटच्या दोन तासांना वर्गात नसतो. तास चुकवल्याबद्दल त्याला दोनदा वर्गाबाहेर उभे करण्यात आले. परवा वह्या तपासताना भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर ‘मला इथं राहायचं नाही’ असे चार वेळा लिहिलेले दिसले. त्याला एकट्याला थांबवून विचारले तेव्हा तो रडू लागला आणि ‘बाई, कुणाला सांगू नका’ एवढेच म्हणाला. ‘नाही सांगणार’ असे मी बोलून गेले. तेव्हापासून मला रात्री झोप लागत नाही. दिलेला शब्द पाळावा की मोडावा?

उत्तर : शब्द तुम्हाला बदलावा लागेल, पण तो त्याच्या माघारी बदलू नका. उद्या शाळेत गेल्यावर त्यालाच सांगा : ‘कुणाला सांगणार नाही असं मी म्हणाले होते, पण ते मी घाईत बोलले. तुझ्या जिवाला काही होईल अशी भीती मला वाटली, तर मी एकटी गप्प बसू शकत नाही. कुणाला सांगायचं आणि किती सांगायचं, हे आपण दोघं मिळून ठरवू.’ मूल क्षणभर रागावेल, कदाचित उठून जाईल. तरीही ज्या माणसाने आपली चूक आपल्यासमोर कबूल केली त्याच्याकडे मूल पुन्हा येते, हे मी अनेकदा पाहिले आहे. पाठीमागून शब्द मोडला गेला, तर मात्र ते त्या माणसाकडेच काय, शाळेतल्या कुणाहीकडे पुन्हा येत नाही.

आता वहीतले ते वाक्य. मराठीत ‘राहणे’ या क्रियापदात मुक्काम करणे आहे, तसेच मागे उरणे आणि टिकून असणेही आहे. त्यामुळे ‘मला इथं राहायचं नाही’ या चार शब्दांत आत्याचे घर नको, ही शाळा नको, हे शहर नको, इथपासून हे जगणेच नको, इथपर्यंत काहीही असू शकते. आपण आपल्या सोयीचा अर्थ धरतो आणि सोयीचा अर्थ बहुतेक वेळा सौम्य असतो. म्हणून तर्क न लढवता विचारा : ‘इथं म्हणजे कुठं रे?’ उत्तर अंधूक असेल, तर पुढचा प्रश्नही स्पष्ट शब्दांत विचारावा लागेल : ‘मरून जावं असं कधी मनात येतं का?’ हा प्रश्न उच्चारताना मोठ्या माणसांची जीभ अडखळते, कारण आपण विचारल्यामुळेच तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल अशी भीती वाटते. तसे होत नाही. ज्याच्या मनात तो विचार नसतो तो नाही म्हणतो, आणि ज्याच्या मनात असतो त्याला आपले ओझे कुणीतरी ओळखले याचाच आधार वाटतो.

उत्तर ‘हो’ असे आले, किंवा त्याने नुसती मान खाली घातली, तर त्या दिवशी त्याला एकटे सोडू नका. ‘आधी घटक चाचणी होऊ दे’ असे म्हणायची ही वेळ नव्हे. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळले पाहिजे, घरच्या जबाबदार माणसाला शाळेत बोलावले पाहिजे आणि छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या, म्हणजे आपल्या सीपीआरच्या, मानसोपचार विभागात त्याला कुणीतरी सोबत घेऊन गेले पाहिजे. नुसती चिठ्ठी देऊन पाठवणे पुरेसे नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. मुलासाठी काय करावे हे विचारायला शिक्षकानेही तिथे फोन करावा.

घरच्या माणसाला बोलावण्याआधी एक गोष्ट जरूर पाहा. मुलाला ज्या घराचा त्रास आहे त्याच घराला आपण पहिल्यांदा कळवले, तर त्याला पुन्हा त्याच कोंडीत ढकलल्यासारखे होते. आत्यावर संशय घ्या असे मी म्हणत नाही. भावाच्या मुलाला स्वतःच्या संसारात सामावून घेणारी ती बाई बहुधा मायेचीच असेल. तरीही त्याला विचारा की घरच्यांपैकी कुणाला सांगितलेले त्याला चालेल. वाडीवरच्या आई-वडिलांना फोन करावा लागला, तर तो त्याच्या संमतीने आणि शक्य तर त्याच्यासमोर करा.

हे सगळे बोलणे शिक्षकखोलीत होऊ नये, कारण तिथे येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘काय पराक्रम केलास रे?’ असे विचारून जातो. मैदानाच्या कडेने चालत बोलता येते. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत पाहावे लागत नाही, आणि त्या वयाच्या मुलग्यांना तेच सोपे जाते. तो गप्प राहिला, तर तुम्हीही थोडा वेळ गप्प राहा. ‘एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घेतोस’ हे वाक्य तोंडावर आले तरी गिळून टाका.

शेवटच्या दोन तासांना तो जातो कुठे, हे तुमच्या पत्रात नाही. ते कळणे मला फार महत्त्वाचे वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच तास चुकवणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. तो रोज मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन आपल्या गावाकडची एसटी सुटेपर्यंत फलाटावर बसायचा आणि गाडी गेली की परत यायचा. गाडीत तो एकदाही चढला नव्हता. त्याच्या प्रगतिपुस्तकावर मात्र ‘उनाड’ असा शेरा होता.

तुमच्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर उभे करणे आजपासून थांबले पाहिजे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई केलेली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी जे मूल आधीच सगळ्यांपासून लांब जात आहे, त्याला आपणच दाराबाहेर काढतो, हे सहकाऱ्यांच्या लक्षात आणून द्या.

गावाकडचे मूल शिकायचे तर आधी त्याच्या राहण्याची सोय झाली पाहिजे, हे या शहराला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उमगले होते. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०१ मध्ये इथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. म्हणूनच कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. आजही डोंगरी तालुक्यांतली कितीतरी मुले नातेवाइकांकडे, खोल्यांवर आणि वसतिगृहांत राहून इथे शिकतात. त्यांच्या डोक्यावर छप्पर असते. ‘आज जेवलास का?’ हे रोज विचारणारे माणूस असतेच असे नाही. तुमच्या त्या मुलासाठी शाळेतले असे एक माणूस ठरवा. ते तुम्हीच असले पाहिजे असे नाही. त्याचा जीव प्रयोगशाळेच्या परिचरांवर असेल, तर ते असू देत. त्या माणसाने रोज दोन मिनिटे त्याला भेटावे, आणि ज्या दिवशी भेटता येणार नसेल त्या दिवशी तसे आधी सांगावे.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. रंकाळ्याजवळ आमचे घर आहे. शाळेतल्या समुपदेशक मॅडमनी तिला महिन्याभरात तीन वेळा बोलावले. काय बोलणे झाले असे विचारले, तर ‘तिला सांगावेसे वाटेल तेव्हा ती सांगेल’ असे उत्तर मिळाले. मुलगी आमची, फी आम्ही भरतो, आणि आम्हालाच परके ठरवायचे?

उत्तर : ताई, तुमचा राग मी समजू शकते, पण मॅडमचे वागणे मला योग्य वाटते. तुमची मुलगी तिथे तीन वेळा गेली, म्हणजे तिथे तिला बोलावेसे वाटते आहे. ते बोलणे त्याच संध्याकाळी घरी पोहोचते असे तिला कळले, तर चौथ्या वेळी ती जाईल आणि ‘काही नाही, सगळं ठीक आहे’ असे म्हणून परत येईल.

तुम्हाला एक गोष्ट मागण्याचा मात्र पूर्ण अधिकार आहे. कोणती गोष्ट गुप्त राहील आणि कोणती राहणार नाही, हे शाळेने पालकांना वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी सांगितले पाहिजे. जिवाला धोका असेल, तर पालकांना कळवले जाते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि तिथे समुपदेशक, शिक्षक किंवा संस्थाचालक यांपैकी कुणालाही मौन बाळगता येत नाही. मैत्रिणीशी झालेले भांडण, गणिताची धास्ती, कुणाविषयी वाटणारे आकर्षण, आईवरचा राग, हे सगळे या मर्यादेच्या अलीकडचे आहे आणि ते तिचे तिच्याजवळ राहू द्यावे. मॅडमना भेटा, पण ‘ती काय म्हणाली?’ ऐवजी ‘घरी आम्ही काय करू?’ असे विचारा. या प्रश्नाचे उत्तर त्या आनंदाने देतील. मला वाटते, बोर्डाच्या परीक्षेपर्यंत रोजच्या जेवणाच्या वेळी अभ्यासाचा विषय न काढणे, एवढ्यानेही तुमच्या घरात फरक पडेल.

प्रश्न : शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात मी मुख्याध्यापक आहे. शाळेत ३४० विद्यार्थी आहेत, समुपदेशक नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमच्या बऱ्याच मुलांची घरे पाण्यात होती. अजूनही पावसाचा जोर वाढला की काही मुले वर्गात अस्वस्थ होतात, पोटात दुखते म्हणून घरी जायला मागतात. आम्ही काय करावे?

उत्तर : सर, पोटात दुखते ते खरेच दुखते. भीतीने पोट दुखते, त्याला ‘नाटक’ म्हणू नये. एवढे एक वाक्य पावसाळ्याआधी सगळ्या शिक्षकांना सांगा.

त्या मुलांना घरी का जायचे असते, याचाही विचार करा. आजी एकटी आहे, म्हैस दावणीला आहे, वडील कारखान्यावर आहेत आणि पाणी कुठवर आले हे मुलाला ठाऊक नाही. अशा वेळी ‘काही होत नाही, बस खाली’ म्हटल्याने धीर येत नाही, माहितीने येतो. जुलै-ऑगस्टमध्ये परिपाठाच्या वेळी पंचगंगा आणि कृष्णेची त्या दिवशीची पातळी फळ्यावर लिहा, शाळा कधी सोडणार आणि कोण कुणाबरोबर जाणार हे ठरवून मुलांना आधीच सांगा. ज्या मुलाला फार काळजी वाटते त्याला कार्यालयातून घरी एक फोन करू द्या. पूर ओसरल्यावर शाळा भरेल तेव्हा पहिल्या दिवशी ‘धडा कुठवर आला होता?’ हा प्रश्न नको. कुणाचे दप्तर गेले, कुणाचे जनावर गेले, कोण कुठल्या छावणीत होते, हे ज्यांना सांगावेसे वाटेल त्यांना सांगू द्या, आणि ज्यांना नको असेल त्यांना चित्र काढत बसू द्या. महिना उलटूनही ज्या मुलाला झोप लागत नाही, जे एकटे राहायला घाबरते, त्याला मात्र सीपीआरला दाखवले पाहिजे.

समुपदेशकाबाबत : १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे, आणि शिक्षकांना वर्षातून किमान दोनदा या विषयाचे प्रशिक्षण द्यावे असेही म्हटले आहे. तुमच्या संस्थेकडे आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे याचा हवाला देऊन लेखी मागणी करा व पोच घ्या. एकट्या शाळेला पगार परवडत नसेल, तर जवळच्या तीन-चार शाळांनी मिळून एक व्यक्ती नेमण्याचा प्रस्ताव मांडता येईल.

ती व्यक्ती येईपर्यंत ३४० मुले शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांमध्ये वाटून घ्या. तुमच्याकडे पंधरा माणसे असतील, तर एकेकाकडे तेवीस मुले येतात. त्या तेवीस जणांची यादी प्रत्येकाच्या टेबलावर असावी, आणि शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी त्यावर नजर फिरवून या आठवड्यात आपण कुणाशी एक शब्दही बोललो नाही, ते नाव शोधावे. सोमवारी सकाळी पहिल्यांदा त्या मुलाला हाक मारावी. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ आणि टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक मुलींच्या आणि मुलांच्या स्वच्छतागृहांच्या दारांवर आतल्या बाजूने रंगवून घ्या. सूचनाफलकासमोर उभे राहून तो क्रमांक उतरवून घेण्याचे धाडस कोणतेही मूल करणार नाही.