जुन्या गाडीचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, लावताना डिस्ट्रिब्यूटरकडे (सिलिंडरना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाकडे) जाणारी व्हॅक्यूमची नळी का काढतात?
नळी जोडलेली राहिली, तर टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली) दिसणाऱ्या आकड्यात, व्हॅक्यूमने ठिणगी जितके अंश लवकर आणली तेही मिसळू शकतात. म्हणून, गाडीच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल, तर ती काढून इंजिनाकडचे तोंड बंद करावे. अ‍ॅक्सिलरेटर थोडाच दाबलेला असताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरते व ते सावकाश जळते, त्यामुळे ठिणगी लवकर पडावी लागते. त्यासाठी नळीतल्या व्हॅक्यूमने (इंजिनाच्या हवा ओढण्याने) डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, ओढला जातो आणि डिस्ट्रिब्यूटरमधील, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटची प्लेट फिरते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर हा व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो, आणि ठिणगी लवकर आणण्याचे सारे काम डिस्ट्रिब्यूटरमधील, वेगानुसार उघडणाऱ्या वजनांवर राहते. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून, डायफ्रामच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून तोंडाने हवा ओढून पाहा: प्लेट हलून तिथेच टिकली नाही, तर बहुधा डायफ्राम फाटलेला आहे, आणि दोष उगाच कार्ब्युरेटरच्या माथी मारला जात आहे.