मातीच्या वाड्याची दुरुस्ती: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

भेंड्यांच्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या मातीच्या विटांच्या भिंती आणि माळवदं, म्हणजे लाकडी कड्यांवर माती चोपून केलेली सपाट छतं, यांबद्दल बरीच पत्रं आली आहेत. एकाला दिलेलं उत्तर इतरांनाही उपयोगी पडेल असे प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आमच्या वाड्याच्या भिंती पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या, अडीच फूट रुंद आहेत. चार वर्षांपूर्वी बाहेरून जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा केला. आता जोत्यापासून तीन फुटांपर्यंत तो फुगला आहे, टकटक केलं की पोकळ वाजतो. आतून लोणा लागून माती पिठासारखी गळते. गवंडी म्हणतात, वॉटरप्रूफिंगचं रसायन मारू. मारावं का? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : मारू नका. आहे ती ओल त्यानं आतच कोंडली जाईल. तुमच्या भिंतीत पाणी दोन वाटांनी येतं. एक जमिनीतून वर चढतं, दुसरं पावसाचं, गिलाव्याच्या बारीक भेगांतून शिरतं. मातीचा गिलावा होता तेव्हा हेच पाणी उन्हावाऱ्यानं निघून जायचं. सिमेंट त्याला तसं जाऊ देत नाही. मग ते आणखी वर चढतं, आतल्या बाजूनं बाहेर पडतं आणि सोबत आणलेले क्षार तिथं सोडतं. त्या क्षारांचे खडे वाढतात तसे मातीचे कण सुटे होतात. तुमचा लोणा तो हाच. कोरडी मातीची भिंत ओझं पेलते, भिजलेली मात्र स्वतःच्या वजनानंच खचू लागते. त्यामुळे पोकळ आवाज ऐकूनही आणखी एक पावसाळा काढणं धोक्याचं आहे.

गिलावा काढायचा तो बेतानं. आत भेंडे ओघळून खाली साचले असतील, तर कदाचित त्या जाळीनंच भिंत धरून ठेवली असेल. म्हणून आधी त्या भिंतीवर टेकलेल्या कड्यांना, म्हणजे छत पेलणाऱ्या आडव्या लाकडांना, आतून टेकू द्या. काम दिवाळीनंतर, भिंत वाळायला मोसम मिळेल तेव्हा काढा. ब्रेकर नको, त्याच्या हादऱ्यानं आतले भेंडे सुटतात. ग्राइंडरनं गिलाव्याच्या जाडीपेक्षा थोडं कमी खोल कापून दीड-दोन फुटांचे चौकोन पाडा आणि पहारीनं अलगद उचकटा. सुरुवात वरून करा. तळातले तीन फूट मात्र एकाआड एक, तीन-तीन फुटांच्या लांबीतच उघडा.

उघडल्यावर भिंत दोन-तीन महिने तशीच वाळू द्या. रोज सुटलेला लोणा कोरड्या कुंच्यानं झाडा आणि ती माती घराबाहेर टाका. धुऊ नका, धुतलं की क्षार पुन्हा आत जातात. मग खाल्लेला भाग चौकोनी खाचेसारखा कापून घ्या, कडा किंचित ओलसर करा आणि पुरते वाळलेले नवे भेंडे मातीच्या चिखलात बसवा. पोकळी नुसत्या चिखलानं भरण्याची चूक फार होते. चिखल वाळताना आकसतो, भोवती बोटभर फट पडते आणि ठिगळ सुटून येतं.

बाहेरची जमीनही पाहा. रस्ता दर डांबरीकरणाला चढत गेला आणि जोतं अर्धं गाडलं गेलं, असं पुष्कळ वाड्यांचं झालं आहे. ती माती उतरवा. जमिनीला भिंतीपासून दूर, चाळीस फुटांना एक फूट तरी उतार हवा. भिंतीला चिकटून काँक्रीटचा पट्टा असेल तर तो काढा, कारण त्याच्याखालची ओल भिंतीकडेच वळते. चर खणायचा तर भिंतीपासून किमान एक मीटर अंतरावर, पायाच्या तळापेक्षा वर, आणि तो खडी-वाळूनं भरून घ्यायचा. आत चकचकीत टाइल्स लावल्या असतील तर त्यांचाही परिणाम हाच. त्यापेक्षा मुरमावर चुन्यात बसवलेली शहाबादी बरी.

प्रश्न : गिलाव्यासाठी माती कुठली घ्यावी? गावात पांढर आहे, तिथून आणू का? (धाराशिव)

उत्तर : पांढर खणू नका, ही कळकळीची विनंती. ही टेकाडं म्हणजे जुन्या वस्त्यांचे थर. तेर, नेवासे, इनामगाव इथला प्राचीन इतिहास अशाच टेकाडांतून हाती आला आहे. शिवाय पांढरीच्या मातीत क्षार बरेच असू शकतात. सगळ्यात चांगली माती तुमच्याच घराची: पडलेल्या भिंतीची, उतरवलेल्या माळवदाची. फक्त लोणा लागलेला थर त्यात घेऊ नका. काळी माती तर नकोच, ती ओलीनं फुगते आणि वाळली की तडकते.

पारखायला सरळ बाजूंची काचेची बाटली घ्या. तिसरा हिस्सा चाळलेली माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. खळखळ हलवून ठेवून द्या. मिनिटाभरात खाली बसते ती रेती, तासा-दोन तासांत बसतो तो गाळ, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वर साचते ती चिकण. गिलाव्याला चिकण साधारण पाचवा हिस्सा असावी. जास्त असेल तर वाळू घाला. नेमकी किती, हे भिंतीलाच विचारायचं. माती आणि वाळू एकास एक, एकास दोन, एकास तीन असे फूटभर चौकोन भिंतीवर लावा आणि आठवडाभर वाळू द्या. तडकला तो बाद, बोटानं घासल्यावर झडला तोही बाद.

ठरलेल्या मातीत बोटाच्या दोन पेरांएवढं चिरलेलं गव्हाचं काड आणि शेण घालून आठ-दहा दिवस कुजू द्या, रोज तुडवा. पहिला हात अर्धा इंच, खरबरीत ठेवलेला. तो वाळून त्याच्या भेगा पडून गेल्या की दुसरा, पाव इंच. थापी लावून कडा काटकोनात आणू नका. दारा-खिडक्यांच्या गोलसर कडा आणि देवळीचा, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्याचा, हातानं फिरवलेला तळ यांतच वाड्याचा चेहरा असतो.

प्रश्न : माळवद दरवर्षी गळतं. उतरवून स्लॅब टाकावा असा घरच्यांचा आग्रह आहे. भिंती चांगल्या आहेत. (लातूर)

उत्तर : गळलं की वर मातीचा एक थर, असं वर्षानुवर्षं होत आलेलं असतं. त्यामुळे आधी मोजमाप करा. माळवदाला एका कोपऱ्यात किलचनापर्यंत, म्हणजे कड्यांवर अंथरलेल्या लाकडी थरापर्यंत, खड्डा घ्या आणि मातीची जाडी पाहा. एक फूट निघाली असं धरू. दहा फूट बाय बारा फुटांच्या एका खणावर ती कोरडी असतानाच सव्वापाच टनांच्या आसपास भरते, भिजली की आणखी जड. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि अशीच जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. तुमच्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको.

स्लॅबनं हा धोका जात नाही. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोंच्या पुढे जातो, वर गच्चीचा कोबा वेगळा. तो ताठ आणि अखंड असतो, आणि खालच्या मातीच्या भिंतीशी त्याची गाठ कुठेच बसत नाही. हादऱ्यात दोघं वेगवेगळे हलतात. शिवाय ओतकामाचं पाणी भिंतीच्या माथ्यात मुरतं ते निराळंच.

त्याऐवजी माळवद हलकं करा. माती सगळ्या खणांवरून सारखी, चार-चार इंचांच्या थरांनी उतरवा आणि लगोलग खाली न्या. मधे ढीग घातला तर त्याखालची कडी मोडेल. किलचन उघडं पडलं की कड्यांची भिंतीत गेलेली टोकं तपासा. कुजायला सुरुवात तिथूनच होते आणि बाहेरून काही दिसत नाही. पेचकस टोचा; बोटभर आत गेला तर ते टोक गेलं. पूर्ण कडी बदलायची गरज नसते. कुजका भाग कापून, कडीच्या उंचीच्या तिप्पट-चौपट लांबीचा अर्धा-अर्धा खाच जोड करून वाळलेल्या सागवानाचा तुकडा बोल्टांनी जोडा. जोड भिंतीबाहेर पडत असल्यानं त्याखाली भिंतीलगत आडवी तुळई आणि खांब द्या. टोकाभोवती भिंतीत बोटभर हवा राहू द्या.

छत उघडं आहे तेव्हाच भिंतीच्या माथ्यावर लाकडी पट्टा बसवून घ्या: दोन समांतर पट्ट्या, मधे दीड-दीड फुटावर आडवे दांडे, कोपऱ्यांत खाचेत अडकवून खिळलेल्या. चारही भिंती एकत्र बांधणारं एवढं स्वस्त काम दुसरं नाही, आणि गिलाव्याखाली ते दिसतही नाही.

मग किलचनावर कडुनिंबाचा पाला, त्यावर चार इंच चोपलेली माती, पन्हळीकडे चाळीसास एक उतार. वरच्या उदाहरणातल्या खणाचं ओझं आता पावणेदोन टनांवर आलं. पन्हळी भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे काढा आणि कठड्याचा माथा चुन्यानं बंद करा. गळती छताची समजली जाते, पण पाणी पुष्कळदा कठड्याच्या माथ्यातून उतरत असतं. प्लास्टिकचा कागद किलचनावर थेट अंथरू नका. खालची वाफ त्याला लागून लाकूड कुजवते. पहिले दोन पावसाळे माती बसेपर्यंत वर हवा खेळती ठेवून पत्र्याचं हलकं छप्पर घातलं तर त्यात कमीपणा मानू नये. ते कधीही काढता येतं.

प्रश्न : सोपा आणि माजघर यांमधली भिंत काढून एक मोठी खोली करायची आहे. रस्त्याकडेला मोठी खिडकीही हवी. (बीड)

उत्तर : आधी ओझं कोण पेलतंय ते शोधा. कित्येक वाड्यांत भिंतीच्या पोटात लाकडी खांब असतात आणि छत त्यांच्यावर असतं. अशा ठिकाणी खांब आणि तुळया तशाच ठेवून मधली भर काढता येते, आणि खोली वाड्याचीच दिसते. खांब नसतील तर पूर्ण भिंत काढू नका. मातीच्या घरांसाठीचं भारतीय मानक, आयएस १३८२७, सांगतं की काटकोनात जोडलेल्या दोन आडव्या भिंतींमधली भिंत जाडीच्या दहापटींपेक्षा लांब नसावी आणि उंची आठपटींपेक्षा जास्त नसावी. दार वा खिडकी चार फुटांपेक्षा रुंद नसावी आणि बाहेरच्या कोपऱ्यापासून तेवढीच दूर हवी. खिडकीवरची लाकडी पाटी दोन्हीकडे पाऊण हात नव्हे, दीड फुटाहून जास्त, भिंतीत घ्या.

उजेडच हवा असेल तर नवी खिडकी पाडण्याआधी आहे त्या खिडकीच्या बाजू आतून तिरक्या छाटून पांढऱ्या करा. अडीच फूट जाडीच्या भिंतीत त्यानं बराच फरक पडतो.

प्रश्न : न्हाणीघर आणि संडास घरातच हवेत, आईवडील थकले आहेत. पाइप भिंतीत गाडता येतील का? (जळगाव)

उत्तर : पाण्याचा पाइप मातीच्या भिंतीत कधीही गाडू नका. जोड झिरपू लागला की बाहेर डाग दिसेपर्यंत आतला हातभर भाग चिखल झालेला असतो. परसाकडे भाजक्या विटांची स्वतंत्र खोली बांधा आणि तिची भिंत जुन्या भिंतीला न चिकटवता दोन इंच फट ठेवा. फटीला वरून पत्र्याची टोपी द्या. माजघरातून जायला आहे तेच परसदार वापरा, उंबऱ्याशी उतरण करून द्या. आईवडिलांना सोयीचं होईल. पाइप उघडे, क्लॅम्पवर. क्लॅम्पसाठी रावळप्लग (स्क्रू धरायचे छोटे प्लग) मातीत धरत नाहीत, सागवानी खुंट्या चिखलात बसवून त्यांत स्क्रू घ्या. वीजही उघड्या नळीतूनच, कडीच्या कडेनं न्यावी. हजार लिटरची टाकी म्हणजे भरल्यावर एक टन. तिला अंगणात लोखंडी मनोरा करा, माळवदावर नको.

प्रश्न : मातीच्या गिलाव्यावर कुठला रंग? (सांगली)

उत्तर : चुना. प्लास्टिक इमल्शन किंवा डिस्टेंपर नको, दोन्ही पापुद्रे धरतात. कळीचा चुना विझवून महिनाभर पाण्याखाली मुरवा, दुधाइतका पातळ करून फडक्यानं गाळा आणि ओलसर केलेल्या भिंतीवर चार-पाच हात मारा, रोज एकच. पहिल्या हाताला भिंत पांढरी दिसत नाही म्हणून दाट केला तर तो भुकटी होऊन हाताला लागतो. रंग हवा असेल तर गेरू किंवा पिवडी शेवटच्या दोन हातांत घाला, तीही सगळ्या कामाला पुरेल एवढी एकदम कालवून, कारण दुसऱ्या खेपेला तीच छटा मिळत नाही.