प्रकल्प 50 टक्क्यांवर आला, मग अजून किती वर्षं चालेल?

तुमचा प्रश्न असा आहे: बॉइंकवरच्या (स्वयंसेवकांचे संगणक जोडून मोठी गणितं करणारी प्रणाली) मूळ संख्यांच्या एका शोधात 1 कोटी ते 2 कोटी घातांकांचा पट्टा तपासायचा आहे. दोन वर्षांत काम 1.5 कोटीपर्यंत आलं. म्हणजे निम्मं झालं, तर उरलेलं निम्मंही दोन वर्षांत होईल का? आणि तेवढ्यासाठी नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

दोन वर्षांत होणार नाही. वेग आजच्याइतकाच राहिला तर जवळजवळ चार वर्षं लागतील. पानावर दिसणारे 50 टक्के हे पट्ट्याचे आहेत, कामाचे नाहीत.

अशा चाचणीत घातांक जेवढा मोठा तेवढ्या जास्त पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीतला गुणाकारही तेवढाच लांबतो. म्हणून एका चाचणीचा वेळ साधारण घातांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्तच. चाळणी मारल्यावर (लहान संख्यांनी भाग जाणारे आधीच गाळल्यावर) उरलेले उमेदवार पट्टाभर बऱ्यापैकी सारखे पसरलेले असतात. त्यामुळे एकूण काम घनाच्या प्रमाणात वाढतं. कोटीत मांडा: झालेलं काम 1.5³ − 1³ = 2.375, उरलेलं 2³ − 1.5³ = 4.625. एकूण 7 पैकी 2.375, म्हणजे 34 टक्के झालं. 4.625 भागिले 2.375 म्हणजे 1.95, त्याला दोन वर्षांनी गुणलं की 3.9 वर्षं. कुठल्याही प्रकल्पाची टक्केवारी दिसली की ती कशाची आहे हे आधी शोधा: पट्ट्याची, तयार केलेल्या वर्क युनिटची (संगणकाकडे जाणारा कामाचा तुकडा), की खऱ्या गणनेची.

आता वेग. तो क्रेडिटवरून (केलेल्या कामाचे गुण) काढू नका. बॉइंकची मूळ व्याख्या दिवसाला 200 क्रेडिट म्हणजे 1 गिगाफ्लॉप (सेकंदाला अब्ज गणिती क्रिया) अशी असली, तरी वेगवेगळे प्रकल्प वेगवेगळ्या पद्धतीने क्रेडिट देतात. शिवाय नवीन ॲप आलं की आकडे उडी मारतात. सरासरी क्रेडिटचा अर्धायुष्यकाळ एक आठवडा असल्याने एखाद्या स्पर्धेचा फुगवटाही त्यात लगेच दिसतो. मे महिन्यातली बॉइंक पेंटॅथलॉन ही स्पर्धा किंवा प्राइमग्रिड या मूळ संख्यांच्या प्रकल्पाची आव्हानं चालू असताना घेतलेला वेग वर्षभराला लावला तर उत्तर हमखास चुकतं. सर्व्हरच्या स्थिती-पानावरचा ‘पाठवायला तयार’ हा आकडाही उरलेलं काम दाखवत नाही. काम तयार करणारा प्रोग्रॅम ठरावीक साठा भरून ठेवतो, तो कमी झाला की पुन्हा भरतो. तिथे कायम वीस हजार दिसत असतील तर त्यावरून शेवटाबद्दल काहीच कळत नाही. तुम्हाला हवा आहे तो पडताळणी पूर्ण झालेल्या वर्क युनिटचा आकडा, किंवा तुमच्या शोधात आघाडीचा घातांक (तपासणी जिथवर पोहोचली तो). दर रविवारी ठरलेल्या वेळी तो एका तक्त्यात टाका, निदान 12 आठवडे, आणि आठवड्यांच्या फरकांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. सरासरी नको, कारण स्पर्धेचा एकच आठवडा ती वर ओढतो.

वेग स्थिर राहत नाही, आणि अंदाज सगळ्यात जास्त इथेच घसरतात. आजच्या वेगाने W वर्षांचं काम उरलं असेल आणि क्षमता वर्षाला r या दराने बदलत असेल (15 टक्के वाढ असेल तर r = 1.15 चा नैसर्गिक लॉग, म्हणजे 0.14), तर लागणारी वर्षं = ln(1 + W × r) ÷ r. तुमच्या 3.9 ला 15 टक्के वार्षिक वाढ लावली तर 3.1 वर्षं येतात. 15 टक्के घट लावली (r = −0.1625) तर 6.2 वर्षं. आणि घट 22–23 टक्क्यांच्या पुढे गेली तर लॉगच्या आतली संख्या शून्याखाली जाते. म्हणजे काम कधीच संपत नाही, संगणक त्याआधीच निघून गेलेले असतात. म्हणून एकच तारीख कुणी सांगितली तर तिच्यावर विसंबू नका. वाढ, स्थिर आणि घट असे तीन आकडे काढा, आणि सक्रिय संगणकांची संख्या मागच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी ताडून यातलं कुठलं खरं ठरतंय ते पाहा.

शेवटच्या टप्प्याला वेगळा वेळ धरावा लागतो. समजा शेवटची 10,000 टास्क (संगणकांना पाठवलेल्या वर्क युनिटच्या प्रती) एकदम बाहेर गेली, डेडलाइन 14 दिवसांची आहे आणि 5 टक्के टास्क परत येत नाहीत. पहिल्या फेरीनंतर 500 पुन्हा पाठवावी लागतात, मग 25, मग एखाद-दुसरं. अशा चार-पाच फेऱ्या म्हणजे 56 ते 70 दिवस, आणि त्या काळात आलेखावर 99.9 टक्के दिसत राहतात. दोन संगणकांची उत्तरं जुळायला हवीत असा नियम असेल तर एकाचं उत्तर आलेलं असूनही जोडीदारासाठी ते अडकून पडतं. पुन्हा पाठवायची टास्क फक्त भरवशाच्या संगणकांना कमी मुदतीत द्यायची सोय बॉइंकमध्ये आहे. ती चालू असेल तर हाच शेवट निम्म्या वेळात आटोपतो.

काही प्रकल्पांत हे गणित चालतच नाही, कारण तिथे काम एकामागोमाग एक करावं लागतं. फोल्डिंग ॲट होम या प्रथिनांच्या घड्या अभ्यासणाऱ्या प्रकल्पात प्रत्येक कामाची ओळख प्रोजेक्ट, रन, क्लोन आणि जेन या चार आकड्यांनी होते. जेन 41 सुरू करायला जेन 40 चा निकाल लागतो. एका साखळीत 500 जेन असतील, एक जेन चालायला 8 तास आणि पुढच्या संगणकाकडे जाईपर्यंत 4 तास लागत असतील, तर ती साखळी 250 दिवसांची. लाखभर नवे स्वयंसेवक आले तरी तेवढीच! मार्च 2020 मध्ये कोविडच्या कामासाठी लोक लोटले, एकत्रित क्षमता एक्साफ्लॉपच्या (अब्ज गिगाफ्लॉप) पुढे गेली, आणि कित्येक संगणक वर्क युनिटची वाट पाहत रिकामे बसले, कारण कामाचा पुरवठा तितक्या वेगाने होऊ शकत नव्हता. अशा प्रकल्पात डेडलाइनच्या शेवटच्या दिवशी परत केलेलं काम सगळी साखळी थांबवतं. मशीन रोज काही तासच चालू राहत असेल तर तिथे काम जास्त साठवून ठेवू नका.

‘सापडलं की थांबा’ प्रकारच्या शोधांचं गणित निराळं. डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट या स्वयंसेवकांच्या गटाने आरसी5 या कूटलेखन पद्धतीची 56 बिटांची किल्ली 1997 मध्ये 250 दिवसांत शोधली तेव्हा सुमारे 47 टक्के जागा (सगळ्या शक्य किल्ल्यांपैकी) तपासून झाली होती. 64 बिटांची 2002 मध्ये 1,757 दिवसांनी मिळाली, तेव्हा जवळजवळ 83 टक्के. किल्ली कुठेही असू शकते, म्हणून अपेक्षित काम हे उरलेल्या जागेच्या निम्मं धरायचं, पण तयारी पूर्ण जागेची ठेवायची. 72 बिटांचा शोध डिसेंबर 2002 पासून चालू आहे. त्याची जागा आधीच्या 256 पट आहे, म्हणजे जुन्या सरासरी वेगाने सगळी तपासायला सुमारे 1,490 वर्षं लागली असती. प्रत्यक्षातला वेग खूप वाढला आहे, तरीही हे काम दशकांचं आहे.

त्याच मंडळींचे गोलोम्ब पट्टीचे (जिच्यावर दोन खुणांमधलं कुठलंही अंतर पुन्हा येत नाही) शोध बघा, ते फार बोलके आहेत. 25 खुणांच्या पट्टीला सुमारे 8 वर्षं लागली आणि ऑक्टोबर 2008 मध्ये ते काम संपलं. 26 खुणांची पट्टी त्याहून अवघड, पण ती फेब्रुवारी 2009 मध्ये, चार महिन्यांत झाली, कारण शोधायची पद्धतच सुधारली होती. मग 27 ला 5 वर्षं (फेब्रुवारी 2014) आणि 28 ला पावणेनऊ वर्षं (नोव्हेंबर 2022). मागच्या टप्प्यावरून पुढचा काढणारा प्रत्येक अंदाज इथे दोन्ही दिशांनी फसला असता. नवीन ॲपची चाचणी चालू असल्याची बातमी दिसली तर तुमचा तक्ता तिथे बंद करून नवा सुरू करा.

जिम्प्ससारख्या मर्सेन संख्यांच्या (2 च्या घातातून 1 वजा करून येणाऱ्या) शोधाला शेवटच नाही. घातांक दुप्पट झाला की तिथवरचं काम आठ-नऊ पट होतं, आणि अंदाजाप्रमाणे प्रत्येक दुपटीच्या पट्ट्यात सरासरी 1.78 मर्सेन मूळ संख्या मिळतात. 2018 डिसेंबरनंतरची पुढची संख्या ऑक्टोबर 2024 मध्ये सापडली, 4 कोटी 10 लाखांहून जास्त अंकांची. तिथे ‘अमुक घातांकापर्यंत सगळं तपासून झालं’ अशा टप्प्यांचाच अंदाज करता येतो. त्यातही 2020 मध्ये चाचणी बरोबर झाली हे झटपट तपासू देणारी पुराव्याची फाइल आल्यावर नव्या घातांकांची दुसरी पूर्ण चाचणी लागेनाशी झाली आणि पुढचं काम जवळपास निम्म्यावर आलं.

ज्या प्रकल्पांना वेधशाळेचा डेटा लागतो त्यांचं आयुष्य त्या डेटावर ठरतं. आइन्स्टाइन ॲट होम 2005 पासून चालू आहे, कारण लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या निरीक्षणांची प्रत्येक फेरी नवं काम देते. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहिली की डेटाचा आणखी एक स्रोत मिळेल. उलट परग्रहावरचे संकेत शोधणाऱ्या सेटी ॲट होमने 31 मार्च 2020 ला काम वाटणं थांबवलं. आवश्यक तेवढा डेटा तपासून झाला होता, पुढे फायदा घटत चालला होता, आणि मोजक्या माणसांना सर्व्हर सांभाळण्याऐवजी निकालांचं विश्लेषण पूर्ण करायचं होतं. त्यात टक्केवारीचा काही संबंध नव्हता.

माणसं आणि सर्व्हर हे कारण गणितात धरता येत नाही, पण त्याची चिन्हं दिसतात. संचालकांची शेवटची सूचना सहा महिन्यांपूर्वीची, पडताळणीची रांग आठवडेच्या आठवडे वाढत चाललेली, सुरक्षा प्रमाणपत्र संपून कुणी नूतनीकरण केलेलं नाही, दोन बॅचमधलं अंतर लांबत चाललेलं: यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर घटीचा आकडा खरा धरा. 17 गुणकांसाठी मूळ संख्या शोधणारं सेव्हन्टीन ऑर बस्ट 2016 मध्ये सर्व्हर गेल्यामुळे थांबलं, तेव्हा 17 पैकी 6 गुणक उरले होते. प्राइमग्रिडने ते काम चालू ठेवलं आणि त्याच वर्षी आणखी एक निकाली निघाला. म्हणजे मूळ सर्व्हर बंद पडला तरी शोध दुसरीकडे जगू शकतो, पण ते पर्यायी घर आधीपासून आहे का हे पाहायला हवं.

आता कार्डाचं. तुमच्या शोधाला ग्राफिक्स कार्डावर चालणारं ॲप आहे का हे पहिलं तपासा. असलं तरी एकाच प्रकल्पाच्या गरजेवरून कार्ड निवडू नका. आकाशगंगेचा अभ्यास करणाऱ्या मिल्कीवे ॲट होमचं ‘सेपरेशन’ हे काम दुहेरी अचूकतेचं (जास्त अंक धरून केलेलं) गणित मागायचं. त्यासाठी लोक शोधून शोधून जुनी रेडिऑन कार्डं वापरत होते. जून 2023 मध्ये ते काम संपलं आणि उरलेलं ‘एन-बॉडी’ हे काम फक्त प्रोसेसरवर चालतं. तुमच्या बाबतीत आधी 12 आठवड्यांचा तक्ता भरा. घटीचं चिन्ह नसेल आणि ते कार्ड निदान आणखी दोन चालू प्रकल्पांत उपयोगी पडणार असेल, तरच पैसे घाला. आणि कार्डाच्या किमतीत वीजबिलही धरा: 200 वॉटचं कार्ड दिवसरात्र चाललं तर महिन्याला 144 युनिट, म्हणजे 3.9 वर्षांत 6,800 युनिटच्या वर.