सेरोटोनिन अडवल्यावर डोपामिनचे काय होते?

भावाचे हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरील जुने औषध थांबवून डॉक्टरांनी रिस्पेरिडोन हे त्याच गटातील नवे औषध सुरू केले आणि ‘हे सेरोटोनिनलाही अडवते, म्हणून अंग कमी आखडेल’ असे सांगितले, तर सेरोटोनिन आणि डोपामिन या मेंदूतील दोन संदेशवाहक रसायनांचा परस्परांशी संबंध काय, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे औषधशास्त्र शिकवले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेरोटोनिन वाढले की डोपामिन घटते, असा सरळ हिशेब येथे चालत नाही. सेरोटोनिन स्रवणाऱ्या पेशी मेंदूस्तंभातील राफे केंद्रकांत असतात आणि त्यांचे तंतू मध्यमेंदूतील डोपामिनच्या पेशींपर्यंत पोहोचतात. परंतु सेरोटोनिनचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरील ते ज्यांना चिकटते ते ग्राहक, सुमारे १४ प्रकारचे असल्यामुळे, ते कोणत्या पेशीवरील कोणत्या रिसेप्टरला जाऊन चिकटते यावर पुढचा परिणाम ठरतो.

यांतील २सी हा रिसेप्टर सर्वांत स्पष्टपणे लगाम घालतो. मध्यमेंदूत डोपामिनच्या पेशींशेजारी गाबा स्रवणाऱ्या, म्हणजे शेजारणीला शांत ठेवणाऱ्या पेशी असतात. २सी उद्दीपित झाला की त्या अधिक जोमाने काम करतात आणि डोपामिन कमी स्रवते. संशोधनाच्या काळात हे मी स्वतः पाहिले आहे. उंदराच्या मेंदूत बारीक नळी बसवून दर २० मिनिटांनी कुपीत थेंबभर द्रव गोळा करायचा आणि त्यातील डोपामिन मोजायचे, असे ते काम असे. २सी अडवणारे औषध टोचल्यावर पुढच्या कुपींमध्ये डोपामिनची रेघ चढत जाताना दिसे, आणि लगाम सुटणे म्हणजे काय ते तेव्हा मला खऱ्या अर्थाने उमगले.

२ए रिसेप्टरचे वागणे वेगळे आहे. तो पुष्कळदा डोपामिन स्रवण्यास हातभार लावतो, त्यामुळे त्याला अडवल्यावर डोपामिन सगळीकडे वाढते असे म्हणता येत नाही. मात्र २ए आणि डोपामिनचा डी२ (ज्याला अडवून ही दोन्ही औषधे गुण देतात) हे दोन्ही रिसेप्टर एकत्र अडवले, तर मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन वाढते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. आणि सेरोटोनिनचा १ए रिसेप्टर बंद केला की ही वाढ ओसरते, म्हणजे तिसरा रिसेप्टरही या साखळीत आहे. अंग आखडणे मात्र हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या स्ट्रायटम या भागाशी निगडित आहे. तेथे २ए अडवल्याने डोपामिनवरील दाब कमी होतो आणि ते डी२ रिसेप्टरवर औषधाशी थोडीफार स्पर्धा करू शकते, असे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत दिले जाते.

माझ्या मते हे स्पष्टीकरण अपुरे आहे. पीईटी या मेंदूचे चित्र घेणाऱ्या तपासण्यांवरून असे दिसले आहे की, डी२ रिसेप्टरपैकी साधारण ६५ टक्के औषधाने व्यापले गेले की औषधाचा गुण येऊ लागतो आणि ८० टक्क्यांच्या आसपास गेले की ताठरपणाचा धोका वाढतो. रिस्पेरिडोनचा डोस वाढत गेला की तेही त्या मर्यादेपलीकडे जाते, आणि मग सेरोटोनिन अडवल्याचा आधार पुरत नाही. म्हणून ‘नवे औषध आहे, आता आखडणार नाही’ असे घरच्यांनी गृहीत धरू नये.

भाऊ चालताना एक हात झुलायचा थांबला आहे का, अक्षर बारीक होत चालले आहे का, तो एका जागी बसू शकत नाही का, हे पाहून तारखेसह टिपून ठेवा आणि पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र स्वतःहून कमी करू नका किंवा थांबवू नका.